तोंडानं सांगून जावं

खालच्या खोलीतल्या भाडेकरूनं आज नाइट करून आल्यावर कंपनीचा शर्ट जिन्याच्या कठड्यावर टाकला आणि झोपून गेला. ऊन वर चढलं तसा त्या शर्टाचा वास जिनाभर पसरला. तापलेला पत्रा, त्याच्यावर ओतलेलं तेल आणि माणसाचा घाम, तिन्ही एकजीव झाल्याचा वास. ज्यांनी तो नाकात भरून आयुष्य काढलं त्यांना तो घाण वाटत नाही आणि चांगलाही वाटत नाही. आपल्याच अंगाचा वाटतो. मी दारात खुर्ची टाकून लसूण सोलत होतो, तो हातात तसाच राहिला. माझी धाकटी नात तिसऱ्या पायरीवर बसून त्या शर्टाशी बोलत होती. तू जेवलास का. तुझी बस वेळेवर आली का. तुला कोण रागावलं. शर्ट गप्प, म्हणून त्याच्या वतीनं उत्तरंही तीच देत होती, आवाज जाड काढून. बस आली होती, पण जागा नव्हती, उभं राहून आलो.

चार वर्षांची आहे. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडतं आणि रात्री तोंड मिटायच्या आधी डोळे मिटतात, म्हणून सुटका. तिची थोरली बहीण सात वर्षांची, तीही काही कमी नाही. दोघी मिळून बोलायला लागल्या की पिंपळे गुरवातल्या आमच्या गल्लीत भाजीवाल्यालासुद्धा आपला आवाज वाढवावा लागतो. शेजारचे चेष्टा करतात, आबा, नातीला बंद करायचं बटण नाही का? मी म्हणतो, नाही, आणि असतं तरी दाबलं नसतं. ते चालू करायला काय लागलं ते माझं मला ठाऊक.

मी सातवी झालेला माणूस. बार्शीकडून इकडं आलो आणि सत्तावीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काढली, आधी भोसरीत, मग मालकानं चाकणला शेड टाकली तेव्हा तिकडं. पत्र्याला साच्यात घालून ठोकणारी मशीन म्हणजे प्रेस. एकीचा आवाज छातीत बसतो. अशा पंधरा-वीस एका छपराखाली. तिथं ओरडलेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही, म्हणून आम्ही हातानं बोलायचो. बोट ओठाला टेकवलं की पाणी. पोटावर हात फिरवला की जेवायची सुट्टी. तळवा आडवा धरला, थांब. दोन्ही तळवे झटकले, माल संपला. आणि कानाची पाळी चिमटीत धरली की सुपरवायझर येतोय, विडी विझव. ही भाषा कुणी शिकवत नाही, कुठं लिहिलेली नाही, पण नवा माणूस आठवड्यात शिकतो. अवघड एवढंच की ती शिकली की दुसरी विसरायला होते. मी घरी येऊनही हातानंच बोलायचो. जेवताना भाकरी हवी असली तर बोट, नको असली तर तळवा. डावा कान तर कामावरच गेला होता. उजव्या हाताचं पहिलं बोटही मी तिथंच ठेवून आलो, पेरापासून पुढचं. त्यात दोष कुणाचा नाही. नियम साधा होता: पत्रा आत, हात बाहेर, नजर साच्यावर, मग पाय. त्या दिवशी माझा पाय पेडलवर आधी पडला.

घरातलं बोलणं सगळं बायकोकडं. ती दोघांचं मिळून बोलायची. भांड्यांशी बोलायची, तव्याला शिव्या द्यायची, एक दिवसाआड नळ यायचा त्या नळाची खबर काढायची. मला तिचा राग एकाच गोष्टीचा यायचा, आणि तिला माझा पण त्याच गोष्टीचा. मी शिफ्टला निघताना दारात हात वर करायचो आणि जिना उतरायचो. ती मागून यायची, पिठाचे हात तसेच, आणि म्हणायची, "अवो, तोंडानं सांगून जावं माणसानं. हात तर झाडबी हलवतंय." मग मी खालून नाइलाजानं ओरडायचो, येतो. रोज. इतकी वर्षं रोज. मला वाटायचं, बाईला काय मिळत असेल या दोन अक्षरांत? तुमच्याही घरात असं एखादं असेल, रोज ऐकून ज्याचा अर्थ झिजून जातो आणि नुसता आवाज उरतो. तसलंच ते.

धाकटी चार महिन्यांची असताना बायको आजारी पडली. नवव्या दिवशी दुपारी वॉर्डात नर्सबाईनं चिठ्ठी दिली, खालून औषध आणा. बायको उशाला टेकून बसली होती, तोंडाला मास्क. माझ्याकडं बघत होती. मी दारात वळलो आणि हात वर केला. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून ती काही म्हणाली नाही. मी औषध घेऊन वर आलो तर पडदा ओढलेला होता. त्या दुपारची मी पुष्कळ उलटतपासणी केली आहे. औषधाच्या दुकानात रांग होती, लिफ्ट बंद होती, हे सगळं खरं आहे. पण येतो म्हणायला रांग लागत नाही आणि लिफ्ट लागत नाही. मी म्हणालो नाही, एवढंच खरं.

त्यानंतर मी गप्पच झालो. आधी कमी बोलायचो, आता बोलायचाच राहिलो. बायकोनं मागं लागून मला कानात घालायचं मशीन घ्यायला लावलं होतं. ते मी कपाटात तिच्या लुगड्यांच्या घडीत ठेवून दिलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला कुठं सापडत नसेल. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. थोरलीला तिच्या आजीनं वाढवली. बोलायला आजीपाशी शिकली. तिचं तोंड उघडलं की आजी बाहेर यायची, तोच हेल, तेच शब्द, तसंच कपाळावर हात मारून घेणं. तीन वर्षांचं लेकरू बाहुलीला म्हणायचं, अगं बया, काय ही दशा केलीस जिवाची. माझ्याच्यानं ते ऐकवत नव्हतं. म्हणून मी कान बंद केला. नातीचा आवाज नको म्हणणारा आजोबा, असा माणूस होतो मी.

सूनबाईनं वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा संपली. मुलगा चाकणला, सून भोसरीत मालाच्या तपासणीला, दोघांच्या शिफ्टा उलटसुलट. थोरली शाळेत जायला लागली. म्हणून वर्षाची धाकटी दिवसभर माझ्यापाशी. आणि मी सांगतो, आमचं छान जमलं. मला बोलायला नको होतं आणि तिला अजून येत नव्हतं. मी बोट ओठाला लावलं की ती वाटीकडं बघायची. महिन्याभरात तीच बोट लावायला लागली. पोटावर हात, थांब, संपलं, सगळं शिकली. संध्याकाळी जिन्यात सुनेच्या चपला वाजल्या की मला ऐकू यायचं नाही, पण पोरगी मान वळवायची त्यावरून कळायचं. मग मी गमतीनं कानाची पाळी धरायचो, सुपरवायझर आला. ती पण धरायची. आम्ही दोघं हसायचो. दीड वर्ष असं गेलं. मला वाटायचं, पोर हुशार आहे, शहाणी आहे, रडत नाही, हट्ट करत नाही. थोरली घरात आली की भडाभडा बोलायची आणि धाकटीच्या हातांचं भाषांतरही तीच करायची: हिला पाणी पाहिजे, हिला नको आहे, हिचं झालं. त्यामुळं घरात कुणाचंच कशावाचून अडलं नाही. मोठं नुकसान असंच होतं, अडल्याशिवाय.

सूनबाईला धास्ती वेगळीच बसली. ती कामावरून दारात आली रे आली की पोरगी कान धरते. रोज. तिला वाटलं, कान दुखतोय. तेल घातलं, शेकलं, टोपडं बांधलं. शेवटी चौकातल्या बालडॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी कानाची मोठी तपासणी करून आणायला सांगितली, ती झाली, आणि कागद घेऊन परत गेलो तेव्हा मीही सोबत होतो. बाई म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत. मग विचारलं, अडीच वर्षांची झाली, शब्द किती बोलते? सून बोटं मोजायला लागली आणि दुसऱ्या बोटावर थांबली. आई आणि ताई.

तेवढ्यात धाकटीला तहान लागली. तिनं माझ्याकडं बघून ओठाला बोट लावलं. डॉक्टरीणबाई बघत होत्या. त्यांनी तिचा हात हळूच धरला, उलटापालटा केला, बोट सरळ करून बघितलं, बोट चांगलं होतं. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पुन्हा मागायला लावलं. तिनं पुन्हा तसंच केलं, बोट पेरात दुमडून, पुढचं टोक आत लपवून. बाई म्हणाल्या, ही बोट वाकवून का खूण करते? मग सुनेनं माझ्या हाताकडं बघितलं. मग बाईंनी. मी हात सदऱ्याच्या खिशात घातला, पण उशीर झाला होता. लेकरानं पाण्याची खूण माझ्याकडून जशीच्या तशी घेतली होती, तुटलेल्या बोटासकट.

बाई वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आजोबा, दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?"

मला त्यांचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला. नाही ऐकला असं दाखवलं.

घरी आल्यावर सुनेनं आदळआपट केली नाही, हे तिचं मोठेपण. मुलगा माझ्या नजरेला नजर देईना. दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या थापता थापता सांगितलं की धाकटीला माहेरी आपल्या आईकडं ठेवायची, परभणीला, वर्ष दोन वर्षं. तिकडं तिच्या भावाची पोरं आहेत, घर माणसांनी भरलेलं असतं, आपोआप बोलायला लागेल. तिचं काही चुकत नव्हतं. मी ताटावर बसलो होतो. भाकरी नको म्हणायला तळवा उचलला आणि तसाच खाली घेतला.

"दिवाळीपर्यंत थांब," मी म्हणालो.

"तुम्ही बोलणार तिच्याशी?"

"बोलीन."

सुनेनं माझ्याकडं असं बघितलं जसं तपासणीच्या टेबलावर संशयी माल बघतात. आषाढ चालू होता. म्हणजे चार महिने. पोरगी गेली तर माझं काय राहील हा विचार मी केला नाही असं म्हणणार नाही. केला. चार भिंती आणि कपाट, एवढंच दिसलं.

बोलायचं ठरवणं सोपं, बोलायला विषय कुठून आणायचा? पहिल्या दिवशी तिला जिन्यात घेऊन बसलो आणि म्हणालो, हा जिना. पुढं काही सुचेना. ती जिन्याकडं बघत बसली, मी तिच्याकडं. बायकोला गोष्टी यायच्या, ओव्या यायच्या, गावातल्या सतरा घरांच्या भानगडी यायच्या. मला काय येत होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यात उजेड पडला. मशीनवर नवा माणूस आला की आम्ही त्याला गोष्टी सांगत नव्हतो. मशीन बंद ठेवून सांगायचो, हा साचा, हे पेडल, हा पत्रा. आता मी काय करतोय ते बघ, हात इथं, आता असा, आता बाहेर. तेवढं मला येत होतं. मग मी घरातलं प्रत्येक काम तिला तसं सांगायला लागलो. ही लसणाची गड्डी. ही हिची वरची साल. नखानं अशी उचलायची. बघ, निघाली. आता ही पाकळी नागडी झाली. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारं भ्रमिष्ट झालं. वाटू दे म्हटलं.

हात मोकळे असले की जीभ आळशी होते, हे माझ्या ध्यानात आलं. म्हणून मी दोन्ही हातांत काहीतरी धरून हिंडायला लागलो. बाजारात जाताना दोन पिशव्या, एकीत भाजी, दुसरीत नुसताच बटाटा टाकलेला, हात अडकावा म्हणून. घरात बसलो तर हात मांडीखाली. थोरलीला पहाऱ्यावर बसवली. माझा हात वर गेला की ती नुसतं ‘आबा’ म्हणायची, पण असं म्हणायची की हात आपोआप खाली. तिलाही एक बंदी घातली, धाकटीच्या वतीनं बोलायचं नाही. त्यावर ती दोन दिवस फुगून बसली. आमच्या घरात दोन दिवस शांतता नांदली ती तेवढीच.

आणि मशीन. लुगड्यांच्या घडीतून काढलं, नवी बॅटरी घातली आणि कानात चढवलं. पहिल्यांदा पंखा ऐकू आला, मग घंटागाडी, मग कुकर. आणि मग थोरली. ती बाहुलीला भरवत होती आणि म्हणत होती, खाऊन घे की, मग मर कुठं मरायचं ते. हे वाक्य मी अर्ध्या आयुष्यात हजार वेळा ताटावर बसून ऐकलं आहे. मी मशीन काढून हातात धरलं आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. पलीकडं पवना नदीवर ऊन पडलं होतं. थोड्या वेळानं परत घातलं. त्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा. कामावरही जड पत्रा उचलायची सवय अशीच करतात, एकदम नाही. पंधरा दिवसांत मी अख्खी दुपार थोरलीचं ऐकू शकलो. एकदा तर तिनं तव्याला शिवी दिली आणि मी हसलो. माझ्याच हसण्याचा आवाज मशीनमधून कानात आला तेव्हा दचकलो.

एक चूक सांगायची राहिली, ती लपवणार नाही. श्रावणात मी ठरवलं, तोंडानं मागितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. पोरीनं बोट लावलं, मी म्हणालो, सांग, पाणी म्हण. तिनं पुन्हा बोट लावलं. मी पेला मागं धरला. ती रडायला लागली, आणि रडतानाही बिचारी बोट वाकवूनच धरून होती. तहानलेल्या लेकराकडून मी शब्द वसूल करायला निघालो होतो. पेला तिच्या तोंडाला लावला आणि पिताना तिच्या कानाशी म्हणत राहिलो, पाणी, बाळा, हे पाणी, गार आहे, माठातलं आहे. तेव्हापासून नियम केला, आधी पाणी, मग शब्द. आग्रह करायचा तो स्वतःला करायचा.

गणपती बसले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही चहा घेत होतो. तिला बिस्कीट बुडवून देताना मी माझा जुनाच पाठ म्हणायचो: बिस्कीट आत, हात बाहेर, नजर कपावर, मग तोंड. तिला त्याचा ताल आवडायचा, मान डोलवायची. त्या दिवशी मी ‘बिस्कीट आत’ म्हणालो आणि जरा थांबलो, कारण बिस्कीट तुटत होतं. तर ती म्हणाली, "बाहेल."

मी तिच्याकडं बघितलं नाही. ओरडलो नाही, उचलून नाचलो नाही. चालू मशीनला हात लावायचा नसतो. मी दुसरं बिस्कीट घेतलं आणि म्हणालो, बिस्कीट आत. ती म्हणाली, बाहेल. बिस्किटाचा अख्खा पुडा संपला. चहाचा नुसता चिखल झाला, तो मी चमच्यानं खाल्ला. संध्याकाळी सुनेला सांगितलं नाही. एक नग चांगला निघाला म्हणून कुणी माल पास करत नाही.

पण त्यानंतर शब्द येत राहिले. नव्या साच्यातून पहिले नग निघतात ना, कडा वेड्यावाकड्या, कुठं जास्त, कुठं कमी, तसे. घंटागाडीची तंतागाली झाली, बिस्किटाचं बिक्कीत झालं. नवरात्रात दोन शब्द एकमेकांना जोडले जायला लागले. नळाला पाणी नसायचं त्या दिवशी तिचा बाप म्हणायचा, आज पाण्याची बोंब. ही त्याच नळापुढं उभी राहून मला म्हणाली, आज पान्याला सुत्ती. शिफ्टवाल्यांच्या घरातलं लेकरू, त्याला सुट्टी ठाऊक. मी त्या नळाकडं इतकी वर्षं बघत आलो, पण पाणीही दमत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. लहान पोर बोलायला शिकतं तेव्हा आपल्याला वाटतं, आपण त्याला शब्द देतोय. ते तेच शब्द आपल्याला धुऊन परत देतं.

माझ्यापाशी ती असं बोलायची, पण घरात चार माणसं जमली की पुन्हा मुकी. आणि वसुबारसेला विहीणबाई परभणीहून आल्या, भाऊबीज झाली की धाकटीला घेऊन जायचं असं ठरवून. सूनबाई पाडव्याच्या आदल्या दिवशी चकल्या तळत होती, मुलगा टीव्हीपुढं बसला होता. विहीणबाईंनी धाकटीला जवळ बोलावलं, नाव विचारलं. ती आईच्या पदरामागं. काऊ दाखवला, चिऊ दाखवली, खाऊ दाखवला. ती गप्प. आणि मग सगळ्यांच्या समोर तिनं बोट वाकवलं आणि ओठाला लावलं. विहीणबाईंनी सुस्कारा सोडला. पोरीचे कपडे काढून ठेव म्हणाल्या, लेकीला. सुनेनं झाऱ्यावरची नजर वर केली नाही.

मला चार महिन्यांचं सगळं सांगता आलं असतं. बाहेल सांगता आलं असतं, पाण्याची सुट्टी सांगता आली असती. पण आजोबानं साक्ष देऊन काय होतं, बोलायचं तिनं होतं. दूध आणायला खाली जावं म्हणून उठलो. हातात पिशवी घ्यायची विसरलो. चपला घातल्या, दारात वळलो, आणि इतक्या वर्षांची सवय, हात वर केला.

"आबा," धाकटी पदरामागून बाहेर आली, "तोंदानं सांगून जा."

मी जिथल्या तिथं उभा.

"हात तल झादबी हलवतंय," ती म्हणाली.

सुनेच्या कढईतल्या चकल्या काळ्या पडल्या तरी तिनं काढल्या नाहीत. तिनंही हे वाक्य या दारात सात-आठ वर्षं सासूच्या तोंडून ऐकलेलं. मुलानं टीव्ही बंद केला. मला वाटलं, हे थोरलीचं काम. आजीचं ऐकून तिनं शिकवलं असणार. मी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "मी नाही शिकवलं. तुम्हीच म्हणता की तिला दिवसभर, हात केला की."

मी म्हणतो? मला पत्ता नव्हता. आठवून बघितलं. पोरगी खूण करायची तेव्हा मी काहीतरी म्हणायचो खरं, पण काय ते कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. जन्मभर जे वाक्य मी कंटाळून ऐकलं, ते माझ्या तोंडात येऊन राहायला लागलं होतं आणि मला त्याची खबर नव्हती. मी थोरलीच्या तोंडून बायकोला ऐकायला घाबरत होतो. ती तर माझ्याच जिभेवर बसली होती.

"येतो," मी म्हणालो. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणालो.

दूध घेऊन परत आलो तर धाकटी विहीणबाईंच्या मांडीवर बसून त्यांना नळाच्या सुट्टीचं सांगत होती. एकदा तोंड उघडलं ते जेवणं झाली तरी मिटेना. विहीणबाई बोलायला मोकळ्या बाई. हात जोडून लेकीला म्हणाल्या, राहू दे इथंच, तिकडं नेली तर आम्हालाच गप बसवंल. त्याच दिवशी मी सुनेला कानाच्या पाळीचं खरं सांगून टाकलं. ती आधी रागावली, मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. अजून कामावरून दारात आली की म्हणते, सुपरवायझर आली, कान धरा सगळ्यांनी. आम्ही धरतो.

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेलं. शर्ट कठड्यावर वाळला, वास ओसरला. धाकटीचं त्याच्याशी बोलणं मात्र अजून चालू आहे. ओठाला बोट लावायचं ती विसरली. कधीमधी झोपेत तहान लागली तर हात वर येतो तिचा, बोट दुमडलेलं असतं, आणि मला बरं वाटतं की लाज वाटते हे नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असेल. पोरी मोठ्या होतील, जिभा सरळ होतील, सुट्टी नीट म्हणायला लागतील. घरात माणसाचं काय राहतं म्हणाल तर मी एवढंच बघितलं, लुगडी कपाटात राहतात आणि बोलणं हिंडत राहतं, ज्याच्या तोंडात जागा मिळेल तिथं.

आता मी कुठंही निघालो तरी सांगून निघतो. दारात एकदा म्हणतो, येतो, आणि दोघी आतून ओरडतात, या. मग जिना उतरून खाली गेलो की थांबतो आणि आणखी एकदा म्हणतो, जरा हळू. हे दुसऱ्यांदाचं कुणाला, ते पोरींनी अजून विचारलेलं नाही. विचारतील. त्यांचं काही सुटत नाही. विचारतील तेव्हा वॉर्डातली ती दुपार सांगावी लागेल, आणि तोंडानंच सांगावी लागेल. सांगीन.